आईच्या जिभेची खूण

उंदराचं पिल्लू जन्मतं तेव्हा गुलाबी असतं, अंगावर केस नाहीत, डोळे मिटलेले. आई त्याला पोटाशी घेते आणि चाटत राहते. पण सगळ्याच माद्या सारख्या चाटत नाहीत. काही भरभरून, काही जेमतेम.

माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी, मोशे शीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या चाटण्याचा माग थेट मेंदूपर्यंत काढला. त्यांचा शोधनिबंध 2004 साली आला. भरपूर चाटलेली पिल्लं मोठेपणी संकटात कमी भेदरतात आणि लवकर सावरतात. ताणाचं संप्रेरक ओळखून ‘आता पुरे’ असा निरोप देणारे ग्राहक त्यांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात जास्त असतात. दोन्हीकडच्या पिल्लांत ते ग्राहक घडवणारं जनुक तेच. फरक त्याच्या सुरुवातीच्या भागात, जिथून ते चालू व्हायचं तिथे. कमी चाटलेल्या पिल्लांत त्या जागी मिथाइल गट चिकटलेले होते. एक कार्बन, तीन हायड्रोजन, एवढीशी ती खूण! डीएनएचं एकही अक्षर बदलत नाही, पण जनुकाचा आवाज दबतो. कमी चाटणाऱ्या आईची पिल्लं जन्मताच भरपूर चाटणाऱ्या दुसरीच्या कुशीत दिली, की खुणा त्या दुसरीच्या पिल्लांसारख्या उमटत. हे सगळं ठरतं पहिल्या आठवड्यात.

मला त्याहून मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. वाढलेल्या उंदरांच्या मेंदूत एक औषध सोडल्यावर त्या खुणा पुसट झाल्या. म्हणजे हा सटवाईचा लेख नव्हे.

माणसाबद्दल मात्र जपून बोलावं. 2009 साली याच गटाने 36 मृत व्यक्तींचे मेंदू तपासले. लहानपणी छळ सोसून पुढे आत्महत्या केलेल्यांत त्याच जनुकावर जास्त मिथाइल सापडलं. पण इतक्या थोड्या मेंदूंवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही.

तरीही ‘आईच कमी पडली’ हा निकाल आपल्याकडे चटकन लागतो. तो मला मुळीच मान्य नाही. गाभण असताना ताण दिलेली उंदराची मादी पिल्लांना कमी चाटते, हेही याच गटाच्या संशोधनातून दिसलं. आईची माया हवेतून येत नाही. तिला विसावा लागतो, पोटभर जेवण लागतं, पाठीशी माणसं लागतात. आपल्या घरांतला बाळंतिणीचा सव्वा महिना, तेल लावणाऱ्या आजीचे हात, डिंकाचे लाडू यांकडे मी त्या नजरेने पाहते.

या विसाव्यासाठी 2017 पासून कायद्याने पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवड्यांची पगारी रजा आहे, पण ती नोकरीतल्या बाईला. बीडहून ऊसतोडीला निघालेली बाई मुकादमाच्या उचलीवर जाते. नवराबायको मिळून एक कोयता मोजला जातो, तान्हं मूल फडाच्या कडेला झोळीत असतं, आणि त्याला घेऊन ती एक दिवस कोपीत थांबली तर खाडा म्हणून तिचे पैसे कापले जातात.