बदलीच्या गावचा संघ

अलोऱ्यात जूनच्या पहिल्या आठवड्यात स्टंप पलंगाखाली जायचे आणि फुटबॉल बाहेर निघायचा. हा नियम कुणी केलेला नव्हता, पावसाने केला होता. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या चिपळूण तालुक्यात जुलै महिन्यात दुसरं काय खेळणार? तांबड्या चिखलात चेंडू उसळत नाही, थबकतो, आणि जो आधी पोचेल त्याचा होतो. आम्हा पोरांना कौशल्य नव्हतंच, तेव्हा ही व्यवस्था सोयीची होती.

आमचं गाव म्हणजे खरं तर दोन गावं. एक मूळचं, भातशेतीचं, वाड्यावाड्यांचं. दुसरं कोयना प्रकल्पाच्या वसाहतीचं, एकसारख्या क्वार्टरांचं. कृष्णेकडे निघालेलं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला आणायचं, कोळकेवाडीला अडवून पुन्हा वापरायचं आणि शेवटी वाशिष्ठीत सोडायचं, एवढ्या कामासाठी कुठून कुठून माणसं आली होती. आमच्या ओळीत कराड, सांगली, कोल्हापूर, शिवाय एक मल्याळी कुटुंब. मूळच्या गावाचा खेळ कबड्डी. फुटबॉल घाटावरून ट्रंकेत बसून आला.

तो आणणारे आमचे वेल्डरकाका. कोल्हापूरच्या एका पेठेत वाढलेले, तरुणपणी तिथल्या तालमीकडून खेळलेले. भंगारातले पाइप जोडून त्यांनी मैदानाच्या दोन्ही टोकांना गोलपोस्ट उभे केले. आडवा पाइप एका बाजूला जरा कललेला होता. त्यावरून त्यांची चेष्टा केली की म्हणत, "लेका, गोल मारायला आडवा पाइप सरळ लागत न्हाई, पाय सरळ लागतो."

चेंडू त्यांच्याच घरी राहायचा. चामड्याचा, वरून नाडी बांधायचा. पावसात भिजला की असा जड व्हायचा की डोक्यावर घेतला तर कपाळावर शिवणीचा वळ उठे. सामना संपला की काका तो ओल्या फडक्याने पुसत, आतला ब्लॅडर काढत, चामडं चुलीपासून हातभर लांब टांगत आणि दुसऱ्या दिवशी खोबरेल चोळत. फार जवळ टांगलं तर चामडं तडकतं, फार लांब टांगलं तर बुरशी धरते. काकू कुरकुरायच्या, की घरात पापड टांगायला जागा नाही आणि हे काय टांगलंय! पण पंक्चर झालेल्या ब्लॅडरला ठिगळ लावताना सायकलच्या दुकानातलं सोल्युशन त्याच आणून देत.

संघाला नाव नव्हतं, नोंदणी नव्हती. पावतीपुस्तक मात्र होतं, कारण त्याशिवाय कुणी दोन रुपये सोडत नसे. पहिली पाळी सुटली की मोठी माणसं मैदानावर यायची. कुणी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून खेळायला उतरे, बाकीचे छत्रीखाली उभे राहून आम्हाला शिव्या द्यायचे. पोफळीच्या वसाहतीशी सामना असला की ट्रकच्या हौद्यात उभं राहून जायचं. हरलो तर येताना गाणी कमी आणि पाऊस जास्त लागे.

मग हे सगळं कधी संपलं? तारीख सांगता येत नाही. 13 मार्च 1999 रोजी शिवसागर जलाशयाच्या तळाला खालून सुरुंग लावून पाणी चौथ्या टप्प्याच्या बोगद्यात घेतलं, तेव्हा वसाहतीत आनंद झाला होता. हजार मेगावॅटचा टप्पा पुरा व्हायला आला होता. काम पुरं होणं म्हणजे माणसं उठणं, हे त्या दिवशी कुणी बोललं नाही. पुढे बदलीचे कागद येत गेले. ट्रक यायचे, त्यांत कपाटं चढायची. ज्या वर्षी वेल्डरकाका निवृत्त होऊन घाट चढून गेले, त्या वर्षी चेंडू कुणाच्या घरी ठेवायचा हा प्रश्न निघाला. एका पोराने नेला. त्याच्या वडिलांची पुढच्या मे महिन्यात बदली झाली.

आता कुणाही समवयस्काशी बोला, तो मोबाइलला आणि क्रिकेटला दोष देतो. मला ते पटत नाही. क्रिकेट तेव्हाही होतंच, आणि आमच्यापेक्षा जोरात होतं. कोल्हापूरच्या पोरांच्या हातातही तेच मोबाइल आहेत, तरी पाटाकडील आणि दिलबहारचा सामना असला की शाहू स्टेडियम भरतं. तिथला संघ तालमीचा असतो, तालीम पेठेची असते आणि पेठेला बदली नसते. आजोबा खेळला त्याच रंगाचा शर्ट नातू घालतो, हरला तर घरी जाऊन तोंड दाखवायची पंचाईत. सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात 2017 साली भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरकडचाच. याउलट 1891 साली सुरू झालेला मुंबईचा रोव्हर्स चषक या शतकाच्या तोंडावर बंद पडला, महिंद्र युनायटेडसारखा संघ 2010 मध्ये मालकांनी गुंडाळला, आणि 2016 मध्ये गोव्याच्या साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो यांनी आय-लीगमधून अंग काढून घेतलं. हे मोठे व्यवहार, आमच्या दोन रुपयांच्या पावतीशी त्यांची तुलना हास्यास्पदच. तरी एक साम्य मला दिसतं. ज्याने उभा केला त्याचं काम संपलं किंवा मन उडालं की संघ बसतो. मागे पेठ उभी असेल तरच तो टिकतो.

त्याच 2017 मध्ये सप्टेंबरात राज्यभर लाखो मुलांनी एका दिवशी फुटबॉल खेळावा असा सरकारी उपक्रम झाला, शाळांना चेंडू मिळाले. मी तेव्हा एका शाळेत शिकवत होतो. आमचे चेंडू पुढच्या पावसाळ्यापर्यंत कपाटात मऊ पडले. हवा भरायची सुई हरवली होती आणि ती आणण्याचं काम कुणाचं हे ठरलं नव्हतं. माझंही असू शकलं असतं. मी आणली नाही.

मागच्या श्रावणात अलोऱ्याला गेलो. वसाहतीतल्या बऱ्याच क्वार्टरांना आता दारं नाहीत, भिंतींतून पिंपळ निघालेत. मैदानावर गुडघाभर गवत होतं. एका टोकाचा गोलपोस्ट गेलेला, दुसऱ्या टोकाचा उभा, आडवा पाइप अजून तसाच कललेला. शेजारच्या क्वार्टरमध्ये अजून राहणाऱ्या बाईंनी त्यावर पडवळाचा वेल चढवला होता. पडवळं वाकडी होऊ नयेत म्हणून प्रत्येकाच्या टोकाला सुतळीने एकेक दगड बांधला होता. मी मोजले, नऊ होते. बाई बाहेर आल्या, माझ्याकडे जरा संशयाने पाहून म्हणाल्या, "भाऊ, काय हवंय?"

"काही नाही, इथे आम्ही खेळायचो," म्हटलं.

"मग सांभाळून उभे राहा," त्या म्हणाल्या, "दगड डोक्याला लागेल."