गल्ल्यावरून उठता येणे

मराठवाड्यातल्या मुस्लिम घरांत मुलाला नोकरी लागण्याची चिन्हे दिसेनाशी झाली, की वडीलधारी माणसे एक वाक्य हमखास बोलतात, "अपना धंदा कर, कुणाची ताबेदारी नको." अर्धी दखनी, अर्धी मराठी. या वाक्यामागे पिढ्यांचा अनुभव आहे. मुस्लिम कामकऱ्यांमध्ये स्वयंरोजगाराचे प्रमाण इतर समाजांपेक्षा जास्त असल्याचे सच्चर समितीने २००६ साली नोंदवले. नांदेडच्या इतवाऱ्यातून किंवा देगलूर नाक्यावरून एक फेरी मारणाऱ्याला तो अहवाल वाचायची गरज पडत नाही. गॅरेज, टेलरिंग, बेकरी, बांगड्या, भंगार, फळांचा गाडा. प्रत्येक जण आपापल्या धंद्याचा मालक.

पण सकाळी नऊला शटर वर करून रात्री दहाला खाली ओढणारा हा मालक नेमका कुणाच्या ताब्यात असतो?

नांदेडला उस्मानशाही मिल होती. तिचा भोंगा अनेकांच्या आठवणीत आहे. त्या भोंग्याला गुलामीची खूण म्हणता येईल, पण पाळी सुटल्याचा भोंगा झाला की माणूस मोकळा होई. उरलेला वेळ त्याचा स्वतःचा, मग तो मशिदीत जावो, पोरांना घेऊन गोदावरीच्या घाटावर जावो, नाहीतर ओट्यावर नुसता बसून राहो. मिल बंद पडली. कामगारांपैकी कुणी रिक्षा घेतली, कुणी टपरी टाकली. साहेब गेला तसा भोंगाही गेला. आता थांबायचे कधी, हे सांगणारे कुणी उरले नाही. मोबाइल आल्यापासून तर दुकान खिशातच येऊन बसले आहे. रात्री अकराला गिऱ्हाइकाचा निरोप येतो आणि जेवणाच्या ताटावरून उत्तर जाते.

आपल्याकडे याचे समर्थन 'रिज्क' आणि 'बरकत' या दोन शब्दांनी केले जाते. गिऱ्हाईक अल्लाहने पाठवले, त्याला परत कसे पाठवायचे? शुक्रवारच्या नमाजचा आदेश मात्र नीट पाहिला पाहिजे. अजान झाली की खरेदी-विक्री सोडा, असे तो सांगतो आणि नमाज झाली की पुन्हा पांगून रोजी शोधा, असेही सांगतो. म्हणजे त्यात पूर्ण दिवसाची सुटी मागितलेली नाही. भर धंद्याच्या वेळी, हातातला सौदा अर्धा ठेवून उठता येते का, एवढेच त्यात विचारले आहे. धंदा चालू असताना उठता येणे हे धंदा संपल्यावर घरी जाण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. संन्याशाला ही परीक्षा द्यावी लागत नाही, ती व्यापाऱ्याचीच आहे.

इमाम अबू हनीफा कूफा शहरात रेशमी कापडाचे व्यापारी होते, हे आपण वाजमध्ये ऐकतो आणि विसरतो. दर्स आणि दुकान ही दोन्ही कामे एकट्याने होणारी नव्हती. ती होत, कारण व्यापारात त्यांचे भागीदार होते. चरित्रकार एक प्रसंग सांगतात. त्यांनी भागीदाराबरोबर माल पाठवला आणि बजावले, की एका कापडात खोट आहे, ती गिऱ्हाइकाला सांगूनच विक. भागीदार सांगायला विसरला. गिऱ्हाईक कोण, हेही कळेना. इमामसाहेबांनी त्या विक्रीची सगळी रक्कम दान केली. हा प्रसंग आपण प्रामाणिकपणाचा म्हणून सांगतो, आणि तो तसा आहेच. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. दुकान दुसऱ्यावर सोपवून मोकळे होणाऱ्याने त्या मोकळिकीची किंमत मोजायची तयारी ठेवली पाहिजे. आपले दुकानदार नेमके इथे अडतात. भावावर विश्वास नाही, नोकरावर नाही. गल्ल्याची किल्ली कमरेला, म्हणून माणूसही गल्ल्याला बांधलेला.

त्याच इमामांचे एक शागीर्द अबू यूसुफ. घरची गरिबी एवढी, की त्यांना शिक्षण सोडून धोब्याच्या हाताखाली कामाला धाडले होते, असे सांगतात. इमामांनी त्यांना पैसे देऊन दर्समध्ये बसवले. हेच अबू यूसुफ पुढे हारून रशीदच्या काळात मुख्य काझी झाले. आपल्या कापड दुकानात थान उचलून दाखवणाऱ्या पोऱ्याकडे कोणता शेठ या नजरेने पाहतो? उलट शेठला दुपारी दोन तास झोप मिळते ती हा पोऱ्या उभा असतो म्हणून. एकाची मोकळीक दुसऱ्याच्या पायांवर उभी असेल, तर तिला स्वातंत्र्य म्हणायचे की नुसती ऐपत?

कायद्याचा आधार म्हणावा, तर तोही पातळ झाला. १९४८ च्या दुकाने कायद्याने आठवड्यातून एक दिवस दुकान बंद ठेवणे भाग होते. २०१७ च्या कायद्याने वर्षाचे सर्व दिवस दुकान उघडे ठेवण्याची मुभा दिली. नोकरांना आळीपाळीने साप्ताहिक सुटी द्यायची, असे त्यात आहे. पण दहापेक्षा कमी कामगार असलेली दुकाने त्यातून वगळली गेली आणि आपली जवळजवळ सगळी दुकाने त्यातलीच. मोंढ्यातल्या हमालासाठी १९६९ चा माथाडी कायदा तरी आहे. तो मालकांच्या दयाबुद्धीतून आला नाही, हमालांनी एकत्र येऊन लढून मिळवला. दुकानातला पोऱ्या एकटा असतो.

एकटेपणाची ही अडचण मालकालाही आहे. मी आठला दुकान बंद केले आणि शेजारचा दहापर्यंत बसला, तर माझे गिऱ्हाईक त्याच्याकडे जाणार. लातूरची गंजगोलाई या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. १९१७ साली फैयाजुद्दीन यांच्या आराखड्यावर ती उभी राहिली. मध्ये गोल दुमजली इमारत आणि भोवती सोळा रस्ते. त्या रस्त्यांवर सराफ सराफाशेजारी, कापडवाला कापडवाल्याशेजारी अशा व्यापाराच्या ओळी लागल्या. एकाच ओळीत बसलेली माणसे एकमेकांची स्पर्धक असतात, पण वेळ ठरवायची झाली तर ती ठरवू शकतील अशीही तीच असतात. संपाच्या आणि बंदच्या दिवशी सगळी शटरे एकदम खाली येतात. निषेधासाठी जमणारी एकी जेवणाच्या वेळेसाठी का जमू नये? मला याचे पटणारे उत्तर अजून मिळालेले नाही.

एक समाज म्हणून आपल्याकडे मर्यादेचा एक देशी नमुना मात्र आहे आणि तो टेलरच्या दुकानात सापडतो. रमजानचे पंधरा-वीस रोजे झाले, की चांगला टेलर पुठ्ठ्यावर लिहून टांगतो, 'ऑर्डर लेना बंद'. बाहेर गिऱ्हाईक हुज्जत घालते, जास्त शिलाई देऊ करते, नात्याची आठवण देते. तो हात जोडतो. इबादतीच्या महिन्यात रात्र रात्र मशीन चालवणारा हा माणूस चांदरातीला दिलेला शब्द पाळता यावा म्हणून नवे पैसे नाकारतो. जास्तीची ऑर्डर नाकारणे त्याला परवडते असे नाही. घरभाडे आहे, उधारी आहे. तरीही पाटी लागते. ज्याच्याकडे चार कारागीर आहेत, त्याच्या पाटीने त्या चौघांचीही झोप थोडी वाचते.

पण त्या पाटीची हद्द दुकानाच्या उंबऱ्यापाशी संपते. काज-बटण, हातशिलाई, पिको-फॉल यांचे गठ्ठे गल्लीतल्या घरांत जातात. तिथे बायका, मुली सहरीचे आवरून सुई हातात घेतात. मधे जोहर, मधे इफ्तारीची भजी, मग पुन्हा सुई. नगावर ठरलेली ही मजुरी बऱ्याचदा घरच्या पुरुषाच्या हातात पडते आणि हिशेबात 'धंदा' म्हणून टेलरचे नाव राहते. चांदरातीला शेवटचा गठ्ठा दुकानात पोचतो तेव्हा तिचा स्वतःचा जोडा बहुधा बिनबटणाचा असतो आणि शीरखुर्म्याचे दूध अजून चुलीवर चढायचे असते.