हिस्सा घेणारा गुरू

ज्याचा शिष्याच्या कमाईत वाटा आहे, त्याला गुरू मानावे का? २००५ साली अमेरिकेत वाय कॉम्बिनेटर आणि पुढच्या वर्षी टेकस्टार्स हे ॲक्सिलरेटर सुरू झाले, तेव्हापासून हा प्रश्न नव्या रूपात उभा आहे. ॲक्सिलरेटरची रीत ठरलेली असते: नवख्या स्टार्टअपची तुकडी निवडायची, तीनेक महिने अनुभवी मेंटॉरांच्या देखरेखीखाली तयार करायची, शेवटी गुंतवणूकदारांपुढे उभी करायची आणि त्या बदल्यात कंपनीत हिस्सा घ्यायचा. वाय कॉम्बिनेटरच्या करारात १,२५,००० डॉलरला ७ टक्के हिस्सा जातो. २०१६च्या स्टार्टअप इंडिया योजनेनंतर ही रीत आपल्याकडेही रुळली.

पैसा आला की गुरुपण संपले, असा निकाल देणे सोपे आहे. पण तो परंपरेला धरून नाही. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या पाचव्या दशकात गुरूची लक्षणे सांगितली आहेत. पोट भरण्याचा व्यवसाय शिकवणाऱ्यालाही ते गुरू म्हणतात, फक्त सद्गुरूची पायरी वेगळी ठेवतात. शिष्याकडून साधन करून न घेणारे गुरू मात्र अडक्याला तीन मिळाले तरी टाकावेत, असे बजावतात. म्हणजे शिकवणारा काय घेतो याच्याइतकेच तो काय करवून घेतो, हेही पाहायला हवे. चांगला मेंटॉर तयार उत्तर हाती ठेवत नाही. तो संस्थापकाला ग्राहकांच्या दारात पाठवतो आणि आपल्या कल्पनेची प्रचिती स्वतः घ्यायला लावतो. असा मेंटॉर हिस्सेदार असला तरी विद्यागुरू ठरतो.

तरीही एक आक्षेप उरतो आणि तो गंभीर आहे. ॲक्सिलरेटरचा पैसा अनेक कंपन्यांत विखुरलेला असतो. त्यांतल्या बहुतेक बुडाल्या आणि एखादीच प्रचंड वाढली, तरी त्याचा हिशेब जुळतो. संस्थापकाकडे मात्र एकच कंपनी असते आणि आयुष्याची उमेदीची वर्षेही तीच. म्हणून ‘झपाट्याने वाढ, मोठा धोका पत्कर’ हा सल्ला देणाऱ्याच्या दृष्टीने प्रामाणिक असूनही घेणाऱ्यासाठी चुकीचा असू शकतो. विदर्भातल्या संत्रा बागायतदारांसाठी सावकाश, पण टिकाऊ सेवा उभारू पाहणाऱ्याने हा फरक ओळखलाच पाहिजे. इथे हेतूची शुद्धता पुरत नाही; शिष्याचा विवेक जागा असावा लागतो.

कोणी म्हणेल, नवख्याला विवेक कुठून येणार? त्याने आधी श्रद्धेने ऐकावे, प्रश्न नंतर विचारावेत. या म्हणण्यात तथ्य आहे: शिस्त पाळल्याशिवाय कोणतीही विद्या अंगी येत नाही. पण शिस्त पाळणे वेगळे आणि निर्णय दुसऱ्याच्या हाती सोपवणे वेगळे. तैत्तिरीय उपनिषदातले आचार्य निरोप घेणाऱ्या शिष्याला आपले चांगले आचरण तेवढेच घ्यायला सांगतात, बाकीचे नाही. गीतेच्या शेवटच्या अध्यायात सगळे सांगून झाल्यावर कृष्ण अर्जुनाला पूर्ण विचार करून इच्छेप्रमाणे वागायला सांगतो. एकनाथी भागवतात अवधूत चोवीस गुरूंचे वर्णन करतो. कोणाकडून काय उचलायचे हे मात्र तोच ठरवतो. मेंटॉरांची मते परस्परविरोधी निघाली, की संस्थापकालाही हेच करावे लागते. एका डॉक्टरचे निदान ऐकून रुग्ण दुसऱ्याचेही मत घेतो, त्यात पहिल्याचा अपमान नसतो.

म्हणून मेंटॉरकडून तीन गोष्टी स्पष्ट मागाव्यात: आपला हिस्सा आणि स्वार्थ त्याने आधी उघड सांगावा, सल्ल्यामागचे कारण द्यावे आणि नकार ऐकूनही शिकवत राहावे. जो एवढे करतो, त्याचा आदर करायला हरकत नाही. जो निष्ठेची मागणी करून प्रश्न बंद पाडतो, त्याने एक रुपयाही घेतला नाही तरी त्याच्यापासून दूर राहावे. कारण शिष्याची विचारशक्ती हिरावून घेणारी विद्या कितीही स्वस्त मिळाली तरी महागच पडते.