खाडाखोड

कळव्याच्या माणसाने गोल्फ खेळावा की नाही, याबद्दल शास्त्रात काही सांगितलेलं नाही. शास्त्रकारांचाही नाइलाज असावा. ज्या स्टेशनावर फास्ट लोकल थांबत नाही, तिथे गोल्फ येऊन थांबेल, असं कुणाला वाटणार? पण माझा मेहुणा नौदलातून निवृत्त झालेला. एका रविवारी त्याने मला, सौभाग्यवतींना, आठवीतल्या कन्येला आणि आमच्या शाखेच्या हेडकॅशियरना पाहुणे म्हणून कुलाब्याच्या युनायटेड सर्व्हिसेस क्लबवर नेलं.

"भावोजी, चेंडू मारायचा आणि भोकात घालायचा. आहे काय त्यात?"

त्यात काय आहे, ते समुद्राने समजावलं. हे मैदान मुंबईच्या पार टोकाला, अरबी समुद्राला लागून. वारा असा, की मी चेंडू मारायचा आणि वाऱ्याने त्याची परस्पर बदली करायची. माझा पहिला चेंडू समुद्राच्या दिशेने गेला. दुसरा त्याला शोधायला गेला. "स्कॉटलंडमध्ये हा खेळ समुद्रकाठच्या वाळूतच वाढला, वारा हा त्यातला एक खेळाडूच समजा," असं मेहुण्याने सांगितलं. तो खेळाडू माझ्या विरुद्ध बाजूला होता, हे मात्र त्याने सांगितलं नाही.

या खेळाचे पहिले लेखी नियम 1744 साली एडिंबरोजवळच्या लीथला झाले. एकूण तेरा. आमच्याकडे टाचणीची डबी हरवली तरी याहून लांब परिपत्रक निघतं! पण गोल्फची खरी गंमत अशी, की बहुतेक वेळा तुमच्या मागे पंच नसतो. आपले फटके आपणच मोजायचे. चूक झाली तर आपणच आपल्याला दंड करायचा.

तिसऱ्या भोकापाशी मी एकटाच गवतात उभा होतो. चेंडू एका झुबक्यामागे दडलेला. बाकीची मंडळी पाठमोरी. मी बुटाच्या टोकाने चेंडूला किंचित, अगदी आपुलकीने, मोकळ्या जागी आणलं.

हिशेबाचा कागद कन्येकडे होता. तिने विचारलं, "बाबा, किती?"

झाले होते चौदा. मी म्हणालो, "अकरा."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि अकरा लिहिले.

नंतर चहा घेताना मेहुण्याने बॉबी जोन्सची गोष्ट सांगितली. 1925 ची अमेरिकन ओपन स्पर्धा. गवतात जोन्सचा चेंडू जरासा हलला. दुसऱ्या कुणी पाहिलं नव्हतं, तरी त्याने स्वतःवर एक फटका दंड लावून घेतला. शेवटी बरोबरी झाली आणि फेरलढतीत तो हरला. लोक कौतुक करू लागले तेव्हा तो म्हणाला म्हणे, बँक लुटली नाही म्हणून कुणाचं कौतुक करतात का?

"बघा, आपल्या खात्याचं उदाहरण!" हेडकॅशियर खूश झाले. सगळे हसले. मीही हसलो, जरा उशिरा.

परतीच्या स्लो लोकलमध्ये विचाराला भरपूर वेळ असतो. वीस वर्षांत माझ्या हिशेबात रुपयाचा फरक नाही. हा मी माझा सद्गुण समजत आलो. पण माझ्या एंट्रीवर अधिकाऱ्याची नजर, अधिकाऱ्यावर ऑडिटरची. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे. म्हणजे ही सचोटी माझी की ऑडिटरची? माझी सचोटी शोकेसमधल्या कपबश्यांसारखी निघाली. कधी वापरलीच नाही, म्हणून फुटली नाही.

बरं, मिळालं तरी काय? बक्षीस नव्हतं, पैज नव्हती. अकरा धरूनही मी शेवटचाच होतो! खोटं बोललो ते पोरीच्या डोळ्यांत तीन फटक्यांनी बरा दिसावा म्हणून.

ठाणं आलं तेव्हा मी म्हणालो, "तो कागद दे बघू." अकरा खोडून चौदा केले. मग बूट आठवला. मेहुण्याच्या म्हणण्याप्रमाणे असा चेंडू सरकवला तर दंड दोन फटके. चौदा खोडून सोळा केले.

"चौदा मी मोजले होते," कन्या म्हणाली. "पुढचे दोन नव्हते माहीत."

म्हणजे मी गप्प राहिलो असतो, तर निदान दोन तरी वाचले असते! हा विचार आला, हे कबूल करतो. खोटं कशाला बोलू?

तिने कागद पुन्हा माझ्यापुढे धरला. "बाबा, खाडाखोड केली की बाजूला सही लागते ना? तुम्हीच सांगता."

मी सही केली. दोनदा.

तेवढ्यात कळवा आलं. दारापर्यंत पोचायला मी जे धक्के दिले, ते मात्र कुणी मोजले नाहीत. मीही नाही.