घसारा वजा जाता

बँकेत बावीस वर्षे काढली की माणसाला जगातल्या प्रत्येक वस्तूवर घसारा दिसू लागतो. आमच्या शाखेत एक लोखंडी कपाट आहे. ते माझ्या आधी नोकरीला लागले. पुस्तकात त्याची किंमत दरवर्षी उतरत उतरत शेवटी एक रुपयावर येऊन थांबली आहे. एक रुपया अशासाठी, की शून्य लिहिले तर कपाट नाहीच असा अर्थ निघायचा. आणि कपाट तर आहे, रोज सकाळी माझ्या गुडघ्याला लागते. किंमत संपली तरी वस्तू संपत नाही, एवढेच काय ते तत्त्वज्ञान मी बी. कॉम.ला शिकलो. आत्मा, ब्रह्म, माया हे विषय आम्हाला ऑप्शनलसुद्धा नव्हते. त्यामुळे गेल्या दिवाळीत पाबळच्या आमच्या घरी आबांच्या जीपचा प्रश्न निघाला, तेव्हा मी अगदीच निःशस्त्र होतो.

पाबळ म्हटले की पुणेकर लगेच म्हणतो, “हां, मस्तानीची कबर!” बरोबर आहे. मस्तानी १७४० साली, बाजीराव गेले त्याच वर्षी गेली, आणि तिची कबर आमच्या गावात आहे. पण गावची दुसरी ओळख पुणेकराला सहसा नसते. डॉ. श्रीनाथ कलबाग नावाचे गृहस्थ अमेरिकेतून डॉक्टरेट घेऊन आले, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात मोठ्या हुद्द्यावर चढले, आणि मग ते सगळे सोडून १९८३ साली आमच्या माळावर येऊन त्यांनी विज्ञान आश्रम काढला. शाळेत नापास झालेली पोरे तिथे वेल्डिंग करतात, घुमटाकार घरे बांधतात, शेती करतात आणि ते करता करता शिकतात. कलबाग २००३ साली गेले, आश्रम चालूच आहे. म्हणजे गावाच्या एका अंगाला जे होते ते जपलेले, आणि दुसऱ्या अंगाला जे आहे ते खोलून बघणारे. आमच्या घरातले भांडण याच दोन अंगांमधले होते, हे मला फार उशिरा कळले.

जीप गोठ्याशेजारच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी होती. १९६४ सालची, उंच बॉनेटची सीजे-थ्रीबी. आबांनी ती १९७४ साली लिलावात घेतली आणि चाकणच्या बाजारात कांदा नेण्यापासून वऱ्हाड आणण्यापर्यंत सगळी कामे तिच्याकडून करून घेतली. माझा जन्मही तिच्यातच व्हायचा, पण राजगुरुनगरचा दवाखाना दोन मिनिटे आधी आला. आबा जाऊन अकरा वर्षे झाली. तेव्हापासून ड्रायव्हरच्या सीटवर कोंबड्या अंडी घालतात.

फराळाच्या ताटावर माझा पुतण्या, धाकट्या भावाचा मुलगा, म्हणाला, “काका, मला आबांच्या जीपची हॉट रॉड करायचीय.”

“पाणी तापवायला एवढा मोठा रॉड कशाला?” आईने विचारले.

मग त्याने आम्हाला मोबाइलवर चित्रे दाखवली. हा प्रकार कॅलिफोर्नियातल्या पोरांचा. १९३२ साली फोर्डने व्ही-एट इंजिन सामान्य माणसाच्या गाडीत आणले, आणि काही वर्षांत अशा गाड्या सेकंडहँड बाजारात स्वस्तात मिळू लागल्या. पोरांनी त्या दोन दारांच्या कूपे गाड्या घेतल्या आणि वजन कमी करायला मडगार्ड उतरवले, टप कापून चार बोटे खाली आणला, इंजिनात हात घातला, आणि म्युरॉकसारख्या आटलेल्या तलावांच्या सपाट तळावर शर्यती लावल्या. १९४८ च्या जानेवारीत या वेडाचे स्वतंत्र मासिकसुद्धा निघाले. हे सगळे घरच्या पडवीत, घरच्या हत्यारांनी. मुलगा सांगत होता आणि त्याचे डोळे असे चमकत होते, की बँकेत असे डोळे फक्त कर्जमाफीच्या बातमीला दिसतात.

“आणि परदेशात कशाला जायचं, काका? आपल्या आश्रमात जुन्या जीपच्या भागांपासून छोटा ट्रॅक्टर केला होता की! मेकबुल नाव त्याचं. मेकॅनिकल बैल!”

हे खरे होते. त्यामुळे जास्तच पंचाईत झाली. परदेशी खूळ म्हणून उडवून लावायची सोय राहिली नाही.

पुण्याचा दादा मात्र ताटावरून उठायच्या बेतात आला. “आबांची जीप कापणार? अरे, ती वारसा आहे!” दादा इंजिनियर असल्यामुळे त्याच्याकडे भावनेलाही शासकीय परिपत्रक असते. त्याने सांगितले, की २०२१ सालापासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना विंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात ‘व्हीए’ अक्षरे येतात. अट एवढीच, की गाडी मूळ स्वरूपात हवी; चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नको.

“मग ती चालवता येते?” धाकट्याने विचारले.

“येते ना. प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला आणि पेट्रोल भरायला.”

“म्हणजे पेट्रोल भरायला जायचं, आणि ते संपेपर्यंत घरी यायचं,” आई म्हणाली. बाजारहाटाला नेता येत नाही हे ऐकल्यावर त्या अक्षरांतला तिचा रस संपला.

जीप अजून आबांच्याच नावावर होती, म्हणून सगळ्या वारसांच्या सह्या लागणार होत्या. मी बँकेत मयत खातेदारांचे दावे बघतो. तीन भाऊ, एक सही अडलेली, आणि मधल्या मधे गोठलेले खाते, हे दृश्य मी काचेच्या या बाजूने शेकडो वेळा पाहिलेले आहे. त्या बाजूला उभे राहायची पाळी पहिल्यांदाच आली. दादा नाही म्हणत होता, धाकटा हो म्हणत होता. सगळे माझ्याकडे बघू लागले, आणि मी बँकेतल्या सवयीने म्हणालो, “उद्या या.”

त्या रात्री मी जीपपाशी जाऊन बसलो. खरे सांगायचे तर मी मनातून दादाच्या बाजूचा होतो. त्या जीपला डिझेलचा, कांद्याच्या पातीचा आणि आबांच्या तंबाखूचा वास होता. वर्षातून एकदा यायचे, ताडपत्री उचलायची, तो वास घ्यायचा, डोळे जरा ओले करायचे आणि संध्याकाळच्या एस.टी.ने परत जायचे, असा माझा अकरा वर्षांचा नेम. ताडपत्री बदलायचा खर्च धाकट्याचा, जीपमुळे कडबा ठेवायला जागा नाही ही अडचणही त्याचीच. मी आपले दुःख त्याच्या पडवीत पार्क करून ठेवले होते, आणि अकरा वर्षांत भाडे म्हणून एक पैसा दिला नव्हता.

मूळ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न मोठ्या माणसांनाही पडलेला आहे. ग्रीकांकडे थिसिअस नावाच्या वीराचे जहाज होते. अथेन्सच्या लोकांनी ते जपले, कुजलेली फळी काढून नवी बसवत राहिले. आणि सगळ्या फळ्या बदलल्यावर जहाज तेच का, यावर तिथले विद्वान भांडत बसले. आपल्याकडे ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात नागसेन भिक्षू मिलिंद राजाला विचारतो, की तू ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे त्याचा आस का, चाके का, दांडा का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग रथ कुठे आहे? रथ हे या सगळ्याच्या मेळाचे नाव, असे शेवटी राजाच कबूल करतो. मला हे वाचून नेहमी वाटते, की बिचाऱ्या राजाला परत जाताना रथात चढायची भीती वाटली असेल.

दुसऱ्या दिवशी दादाने पुण्याहून जुन्या गाड्यांचे एक जाणकार बोलावले. गृहस्थ मोठे सज्जन. त्यांनी जीपभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या, खाली वाकले, बॉनेट उघडले, आणि आमच्या आबांचे पितळ उघडे पडावे तसे एकेक बाहेर येऊ लागले. इंजिन मूळचे नाही. पेट्रोल परवडेना म्हणून आबांनी डिझेलचे बसवलेले, आर. सी. बुकावर रीतसर नोंदसुद्धा केलेली. गिअरबॉक्स दुसऱ्याच जीपचा, पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेला. मागची बाके सुताराकडून केलेली. आणि डाव्या बाजूला खाली वेल्डिंग केलेली ही लोखंडी पट्टी? कंपनीने असे काही कधीच दिलेले नाही.

“ती पायरी आहे,” आई दारातून म्हणाली. “मला नऊवारीत चढता येईना. यांनी जुन्या नांगराचं लोखंड आणून एका दुपारी बसवली.”

जाणकारांनी हळहळून वही मिटली. मूळ स्वरूपात आणायची तर इंजिन बदलावे लागेल, गिअरबॉक्स शोधावा लागेल, बाके काढावी लागतील. पायरी तर कापावीच लागेल. म्हणजे गाडी जुनी ठरण्यासाठी निम्मे भाग नव्याने विकत घ्यायचे! आमच्या ताळेबंदातसुद्धा इतका धीट व्यवहार मी पाहिलेला नाही.

आणि तिथे माझ्या डोक्यात टोटल जुळली. कंपनीने केलेल्या हजारो जीपगाड्यांत आबा कुठेच नव्हते. आबा होते ते या फेरफारांत. डिझेल इंजिनात त्यांची काटकसर होती, बाकांत त्यांची वऱ्हाडे होती, पायरीत आई होती. जीप ‘मूळची’ केली, तर कारखाना शिल्लक राहणार आणि आबा भंगारात जाणार. जपण्याच्या नावाखाली आम्ही नेमके त्यांनाच खरवडून काढायला निघालो होतो. आणि कारखाना तरी कुठला सोवळा? या मॉडेलचे बॉनेट उंच का, तर १९५३ साली कंपनीला नवे उंच इंजिन आधीच्या बॉनेटखाली मावेना, म्हणून तिने बॉनेटच वर उचलले. म्हणजे हॉट रॉडचा पहिला उद्योग कंपनीनेच केलेला.

दादाचे सगळेच चुकीचे होते असे मी म्हणत नाही. कापलेला पत्रा पुन्हा न कापलेला होत नाही. बेरीज चुकली तर खोडता येते, गॅस कटरला खोडरबर नसते. जी गाडी खरोखर कुणीच हात न लावलेली, जिच्यासारख्या चारदोनच उरल्या, ती कापणारा पुढच्या सगळ्यांच्या वाट्याचे कापतो. कॅलिफोर्नियाच्या पोरांनी कापल्या त्या गाड्या तेव्हा पैशाला पासरी होत्या. म्हणून तर आज न कापलेलीला एवढा भाव. तेव्हा कापण्याचा हक्क वारसाने मिळत नाही, आणि हौसेनेही मिळत नाही. तो कुणाला मिळावा, हे मला माझ्या पुतण्याने शिकवले.

मी त्याला एक अट घातली. आधी सगळी जीप खोलायची, प्रत्येक भाग पुसून मांडायचा, काय कशासाठी आहे ते वहीत लिहायचे. मग कापायचे बोलू. बँकेचा माणूस, केवायसीशिवाय व्यवहार करत नाही. पोराला तीन महिने लागले. जीपचे बरेचसे नटबोल्ट इंची मापाचे, आपले मिलिमीटरचे पाने त्यावर घसरतात, हे कळायलाच त्याची दोन नखे गेली. पण वही भरली. त्यात एके ठिकाणी लिहिले होते : ‘क्लचच्या दांडीला आबांनी जोड दिलाय. जोड वाकडा आहे पण सुटलेला नाही. असाच ठेवणे.’

ती ओळ मी फोनवर दादाला वाचून दाखवली. पलीकडे बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग तो म्हणाला, “फॉर्म पाठव. सही करतो.”

कायद्याचे सांगायला हवे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या स्वरूपात मनाजोगा फेरफार करून गाडी रस्त्यावर आणता येत नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. म्हणून आम्ही नोंदणी रद्द करून टाकली. आता ती आमच्या वावरात आणि ओढ्याच्या कोरड्या पात्रात धावते. म्युरॉकची हौस पाबळला भागवायची तर ओढा आटलेला लागतो, आणि त्या बाबतीत निसर्गाने आमच्यावर कधीच अन्याय केलेला नाही.

मडगार्ड गेले, हूड गेले, पुढची काच अर्ध्यावर आली. गाडी दिसते नाकतोड्यासारखी. कोंबड्यांचे पुनर्वसन उतरवलेल्या मडगार्डांत झाले. मात्र सगळा पत्रा उतरवलेल्या त्या गाडीला डाव्या बाजूला एक जाडजूड लोखंडी पायरी आहे. कॅलिफोर्नियातला कुणी बघेल तर कपाळावर हात मारून घेईल. वजन कमी करायचे तर ही कशाला ठेवली?

संक्रांतीला पहिल्यांदा इंजिन सुरू झाले, तेव्हा आई पदर खोचून पुढे आली, सवयीने न बघताच पायरीवर पाय ठेवला आणि चढून बसली. “हळू घे रे,” ती नातवाला म्हणाली, “तुझे आबा पण पहिल्यांदा असंच जोरात सोडायचे.”

वास तेवढा गेला. पुतण्याने सगळे डिझेलने धुतले तेव्हाच गेला. त्याचे मला वाईट वाटते, नाही असे नाही. पण आता मी पाबळला वर्षातून एकदा जात नाही, महिन्यातून एकदा जातो. ग्रीस लावायला कुणीतरी लागते.

त्या जीपची पुस्तकी किंमत मी मनाशी काढून पाहिली. साठ वर्षांचा घसारा वजा जाता एक रुपया येते. हिशेब बरोबर आहे. मी दोनदा तपासला.