दोन मिनिटांचे अंतर

वाटेत कुणाला "गाव किती लांब आहे हो?" असे विचारले, तर आपल्याकडे किलोमीटर सांगणारा विरळाच. मराठीत विचारा की कानडीत, उत्तर येते, "अर्धा तास." अंतराच्या प्रश्नाला वेळेचे उत्तर मिळते, आणि त्यात कुणाला वावगे वाटत नाही. पण हा अर्धा तास ठरवतो कोण?

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी द्वीपसमूहात वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे अशी दोन बेटे आहेत. दोन्ही बेटांवर इवलेसे विमानतळ, आणि त्यांच्यात अंतर फक्त २.७ किलोमीटर. वेळापत्रकात या उड्डाणाला दोन मिनिटे दिलेली असतात. वारा अनुकूल असताना ते ५३ सेकंदांत झाल्याची नोंद आहे. नियमित उड्डाणांत जगात याहून छोटे दुसरे नाही. विमान आठ उतारूंचे. हवाईसुंदरी नाही, आणि एक उतारू थेट वैमानिकाच्या शेजारी. आपल्या वडापमध्ये बसतात तसाच! खरे तर हा कर्कवॉलहून निघणाऱ्या फेरीतला एक टप्पा. हौशी पर्यटक प्रमाणपत्रासाठी त्यात बसतात. बेटकऱ्यांची मात्र ती एस. टी.च म्हणायची.

१९६७ साली सुरू झालेली ही सेवा नुसत्या तिकिटांवर चालत नाही. तिला सार्वजनिक पैशाचा आधार आहे. पापा वेस्ट्रेची वस्ती तर शंभराच्या आत, आणि होडीने पलीकडे जायला पंचवीसेक मिनिटे पुरतात. मग मूठभरांच्या विमानाचा भार सर्वांनी का उचलावा? हा प्रश्न निर्दय नाही. २०१७ साली आपल्याकडे 'उडान' योजनेत छोट्या मार्गांवरच्या आसनांना सरकारी भरपाई मिळू लागली, तेव्हा तो माझ्याही मनात आला होता.

त्याच स्कॉटलंडच्या पश्चिमेला सेंट किल्डा नावाचे बेट आहे. २९ ऑगस्ट १९३० रोजी तिथली उरलेली ३६ माणसे बोटीत बसली आणि शतकानुशतकांची वस्ती संपली. त्यांना कुणी हाकलले नव्हते. आम्हाला न्या, अशी विनंती त्यांनीच केली होती. तरुण आधीच निघून गेले होते, आणि हिवाळ्यात महिनोन्महिने बाहेरच्या जगाशी संबंध तुटत असे. तुलना तंतोतंत नाही, हे मान्य. सेंट किल्डाभोवती साठ किलोमीटरांहून अधिक खवळता समुद्र. तरीही 'स्वेच्छेने गेले' हे शब्द मला खटकतात. कागदावर ते खरेच आहेत. पण आजारी पडल्यावर कुणी वेळेवर पोचणारच नाही, अशा ठिकाणाहून उठून जाण्याला निवड म्हणायचे, की दुसरे काही?

इकडे पापा वेस्ट्रेवर पाच हजार वर्षांहून जुनी दगडी घरे अजून उभी आहेत, आणि जवळच आजची माणसेही राहतात.

माझी आत्या सीमेवरच्या एका खेड्यात राही. तिच्या गावची मुक्कामाची गाडी उतारू कमी म्हणून बंद झाली. फाट्यापासून दीड कोस चालावे लागे, एवढेच. गाव होते तिथेच होते. आम्ही मात्र "लांब पडते" म्हणून दिवाळीला जायचे सोडले. दोन वर्षांनी ती स्वतःच चालत, फाट्यावरून गाडी पकडून आमच्याकडे आली. पाय धुताधुता म्हणाली, "वाट वाढली काय रे, बाळा?"