आपला वाटा आणि दुसऱ्याचा वाटा

हिंजवडीकडचे एक माळकरी गृहस्थ मध्यंतरी आम्हांला भेटले. बांधकामाचा धंदा करतात. वडिलांची भातशेती होती. १९९० नंतरच्या दशकात एमआयडीसीने तेथे माहिती-तंत्रज्ञानाचे मोठे उद्यान उभारण्यास आरंभ केला. माणसे आली, त्यांना घरे हवी झाली, आणि या गृहस्थांनी नांगर ठेवून थापी-ओळंबा हाती घेतला. एकादशी चुकत नाही, आषाढीची वारी चुकत नाही. पण बोलता बोलता गळा दाटून आला. म्हणाले, "धाकट्याला मी फक्त झोपलेला बघतो. पहाटे साईटवर जायचं, रात्री उशिरा यायचं. पण करतो ते सारं त्यांच्यासाठीच ना? मग हा त्यागच झाला की नाही?"

सज्जनहो, हा प्रश्न एकट्या त्यांचा नाही. म्हणून येथे विचार करू.

त्याग कशाला म्हणावे हे पाहण्यास देहूला जावे. हिंजवडीहून ते काही लांब नाही. तुकोबांच्या घरी वाणीपणाचा धंदा होता, देणेघेणे होते. सतराव्या शतकातल्या मोठ्या दुष्काळात धंदा बसला, थोरली पत्नी अन्नावाचून गेली. पुढे वैराग्य बाणल्यावर तुकोबांनी लोकांकडील येण्याची खते इंद्रायणीत सोडली. ही कथा आपण कीर्तनात नेहमी ऐकतो, पण तिचा अर्धा भाग कानांवरून निसटतो. आधी खतांचे दोन वाटे झाले. धाकट्या कान्होबांचा वाटा त्यांच्या हाती दिला, आणि मग आपला तेवढा पाण्यात सोडला. त्याग आपल्या वाट्याचाच करता येतो. भावाचा वाटा बुडवला असता, तर त्याला त्याग कोण म्हणाले असते?

आता पाहा, आमचे गृहस्थ संध्याकाळचा जो वेळ धंद्याला देतात तो कोणाचा? त्यातला काही त्यांचा खरा, पण काही मुलाचा आहे, काही पत्नीचा आहे, काही म्हाताऱ्या आईचा आहे. तो त्यांना न विचारता खर्ची पडला. तेव्हा त्यागाचे पुण्य यांच्या नावावर कसे जमा व्हावे?

कोणी म्हणेल, "अहो, तुकोबांनी तरी कुठे घर सांभाळलं?" आक्षेप खरा आहे. जिजाई भाकरी घेऊन भंडारा डोंगर चढत होत्या. त्यांचे हाल, त्यांचा त्रागा परंपरेने झाकून ठेवला नाही, हा परंपरेचा मोठेपणा. पण तुकोबा विठ्ठलासाठी डोंगरावर बसले. आपण तिसऱ्या साईटसाठी घराबाहेर असतो. त्यांच्या वैराग्याचे पांघरूण आपल्या हावेवर घालू नये.

धंद्याची अडचण आम्ही जाणतो. बँकेचा हप्ता थांबत नाही. स्लॅब ओतायला घेतला की मधेच सोडता येत नाही. त्या दिवशी रात्र झाली तर झाली. पण स्लॅब रोज पडत नाही. आणि तोच स्लॅब आणखी एक गोष्ट शिकवतो. साध्या सिमेंटच्या कामाला निदान ७ दिवस ओलावा लागतो. रोज पाणी मारावे लागते. सहा दिवस कोरडे ठेवून सातव्या दिवशी टँकर रिकामा केला, तर गेलेली ताकद परत येते काय? "मुलं मोठी झाली की मग वेळ देऊ" म्हणणाऱ्याने हे आपल्याच मुकादमाला विचारावे.

२०१६ च्या रेरा कायद्याने एक चांगली गोष्ट केली. ग्राहकांकडून आलेल्या पैशांतले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे, आणि ते त्याच प्रकल्पाच्या जमिनीसाठी व बांधकामासाठी खर्चावे, असा दंडक घातला. दुसऱ्याचा पैसा आपल्या खिशात मिसळला की तो आपलाच वाटू लागतो, हे कायदा करणाऱ्यांनी ओळखले. वेळेचेही तसेच आहे. घरचा वेळ वेगळा काढून ठेवला नाही, तर धंदा तो कधी गिळतो ते कळतही नाही. म्हणून सायंकाळचा हरिपाठ घरी, मुलांसह, असा नियम धरावा. तो पाळण्यासाठी एक काम कमी घ्यावे लागेल. घ्यावे. तेवढी मिळकत घटेल. घटू द्यावी. हा मात्र आपल्या वाट्याचा खरा त्याग होईल.

आणि वाटेकरी घरातलेच नसतात. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळून चोखोबा गेले, इ. स. १३३८ मध्ये, असे परंपरा सांगते. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी शोधून पंढरीस आणल्या. महाद्वारापुढे आजही आपण त्या समाधीस हात जोडतो. त्या मजुरालाही घर होते, सोयराबाई होत्या, कर्ममेळा होता. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली झालेल्या कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया कामास असतील तेथे त्यांच्या लहान मुलांसाठी खोली ठेवण्यास सांगितले होते. म्हणजे चाळीस बाया असल्या तर लेकरांनी वाळूच्या ढिगावर झोपावे, असे नव्हे! आपल्या धाकट्यासाठी ज्याचा गळा दाटतो, त्याला बिगाऱ्याचा धाकटाही दिसला पाहिजे. समाधीला हात जोडून यायचे आणि साईटवर टेकू कच्चा ठेवायचा, ही भक्ती विठोबाला कशी पोचावी?

त्या गृहस्थांस आम्ही एवढेच विचारले, "वीट रोज हाताळता, पण पंढरीची वीट आठवता का?" पुंडलिक आईबापांच्या सेवेत होता. साक्षात देव दारी आला, तरी त्याने सेवा सोडली नाही. वीट पुढे सारली आणि देवाला थांबवले. देव रागावला नाही. तो अजून तिथेच उभा आहे. ज्या पंथाच्या मुळाशी देवालाही "जरा थांब" म्हणणारा पुंडलिक आहे, त्या पंथातल्या माणसाला संध्याकाळी वाजणाऱ्या फोनला "उद्या बोलू" म्हणता येऊ नये काय?

गृहस्थ काही बोलले नाहीत. पाया पडून निघाले, तेव्हा दिवस अजून मावळायचा होता.

रामकृष्णहरि.